सशाची किंमत : वजनाची, नजरेची आणि आशेची

कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)



घरच्या घरी ससे पाळणाऱ्यांची, आणि पाळावेत असं मनात असणाऱ्यांची पत्रं आपल्या कार्यक्रमाकडे येत असतात. पिंजरा कसा करावा, चारा कोणता घालावा, कानातली खरूज कशी बरी करावी, हे प्रश्न तर असतातच. पण बऱ्याच पत्रांच्या शेवटी एक ओळ असते : "ससा विकायला काढला तर भाव काय सांगावा?" कोणी लिहितं, की अमक्या गावात एका जोडीला हजारो रुपये मिळाले म्हणे. कोणी लिहितं, की आमच्याकडचा खाटीक कोंबडीच्या भावानेसुद्धा घ्यायला तयार नाही. आता यातलं खरं कोणाचं? मंडळी, दोन्ही खरं असू शकतं. एकाच पिंजऱ्यातल्या, एकाच वेतातल्या दोन सशांना दोन वेगवेगळे भाव मिळतात, कारण ते दोन वेगळ्या काट्यांवर तोलले जातात.

खरं पाहिलं तर काटे तीन आहेत. पहिला वजनाचा : गिऱ्हाईक मांस विकत घेतं आणि किलोवर पैसे देतं. दुसरा नजरेचा : गिऱ्हाईक घरी पाळायला ससा नेतं, त्याला रंग, कान, माणसाळलेपण आवडतं आणि त्याचे तो पैसे देतो. तिसरा आशेचा : गिऱ्हाईक ससा खातही नाही, लाडाने पाळतही नाही. या जोडीची पिल्लं आपण पुढच्या माणसाला याहून चढ्या भावाने विकू, अशी आशा तो विकत घेतो. या तिन्हींची गल्लत झाली की माणूस बुडतो. ही आजची गोष्ट नाही. सतराशे वर्षांचा लेखी पुरावा आहे. तोच आज थोडक्यात सांगायचा आहे, आणि शेवटी आपल्या वहीत मांडण्याजोगा हिशोबही द्यायचा आहे.

आधी एक खुलासा. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण आपल्या माळरानावर पळणारा रानससा आणि पिंजऱ्यातला पाळीव ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. त्यांचा संकर होत नाही. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात आणि त्यांना आईने केस उपसून केलेलं घरटं लागतं. पाळीव सशाचं मूळ घर म्हणजे युरोपातला स्पेन-पोर्तुगालचा मुलूख. रानसशाची शिकार करणं आणि त्याचं मांस विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. या पत्रकात जे सांगितलं आहे ते सगळं पाळीव सशाबद्दल आहे, हे ध्यानात ठेवावे.

रोमच्या बादशहाचा दरफलक

सशाच्या भावाचा जुना आणि पक्का लेखी दाखला इ. स. ३०१ चा आहे. रोमन साम्राज्यात तेव्हा महागाई फार वाढली होती. नाण्यातली चांदी कमी झाली होती, सैन्याचा खर्च वाढला होता. डायोक्लेशियन नावाच्या बादशहाने फर्मान काढून हजारावर जिनसांचे आणि कामांचे कमाल दर ठरवून दिले. यापेक्षा जास्त घेईल त्याला देहदंड! हे दर दगडांवर कोरून ठिकठिकाणच्या बाजारात लावले होते. त्यांतले बरेच तुकडे पुढे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या भागात सापडले, म्हणून आज आपल्याला ते वाचता येतात.

त्या फलकावर दीनार या नाण्यात भाव दिले आहेत. एक पाळीव ससा ४० दीनार. एक रानससा १५० दीनार. कोंबड्यांची जोडी ६० दीनार, म्हणजे एक कोंबडी ३०. डुकराचे मांस एका रोमन पौंडाला १२ दीनार. शेतमजुराची दिवसाची मजुरी, जेवण देऊन वर, २५ दीनार.

हे आकडे नीट पाहा. रानससा पाळीव सशाच्या जवळजवळ चौपट का? दोघांच्या मांसात काही चौपट फरक नाही. पण रानससा पिंजऱ्यात सहज वीत नाही. रानात जाऊन, कुत्रे घेऊन, नशीब असेल तर मिळायचा. पाळीव ससा दर दोन महिन्यांनी विणारा. म्हणजे जे वाढवायला अवघड ते महाग, आणि जे हाताशी वाढतं ते स्वस्त. आणखी गंमत पाहा. रोमन पौंड म्हणजे आजचे सुमारे ३२७ ग्रॅम. ४० दीनारांत डुकराचं मांस येई ते साधारण एक किलो आणि थोडं वर. मध्यम सशाचं मांसही एका किलोच्या आसपासच निघतं. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी देखील सशाचा भाव बाजारातल्या नेहमीच्या मांसाच्या बरोबरीने चालत होता. वजनाचा काटा म्हणतो तो हाच.

त्या फर्मानाचं पुढे काय झालं? लॅक्टँशियस नावाचा त्या काळचा लेखक सांगतो, की भीतीने माल बाजारात येईनासा झाला, महागाई उलट वाढली, आणि शेवटी तो कायदा सोडून द्यावा लागला. तात्पर्य, भाव बादशहाच्या हुकमानेही ठरत नाही. माल आणणाऱ्याचा खर्च निघाला पाहिजे आणि घेणाऱ्याला परवडला पाहिजे. या दोन टोकांच्या मध्येच तो बसतो.

श्रीमंतांचा ससा गरिबाच्या ताटात

आता इंग्लंडकडे वळू. तिथे पाळीव सशाची जात मुळात नव्हती. नॉर्मन सरदारांनी बाराव्या शतकात ती नेली आणि तटबंदीच्या राखीव माळांवर, मुद्दाम मातीचे उंचवटे करून, त्यात ससे सोडले. त्या थंड, ओल्या हवेत ससा सुरुवातीला टिकत नव्हता. कोल्हा, इतर शिकारी प्राणी आणि चोर यांच्यापासून राखायला माणूस ठेवावा लागे. हिवाळ्यात चारा घालावा लागे. असे माळ राखण्याचा हक्कसुद्धा राजाकडून मिळवावा लागे. तेव्हा तेराव्या शतकात एका सशाची किंमत कोंबडीच्या चार-पाच पट होती. मेजवानीत ससा वाढणं हे मोठेपणाचं लक्षण होतं. कातडं वेगळं विकलं जाई.

पुढे काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या ससा त्या हवेला सरावला. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या रेताड, नापीक जमिनीवर मोठमोठे माळ सशांनी भरले. राखणीचा खर्च घटला, माल वाढला. काही शतकांत जो ससा सरदाराच्या पंगतीत शोभत होता, तो गरीब कामकऱ्याच्या भांड्यात शिजू लागला. ससा तोच, चव तीच. फक्त दुर्मिळपणा गेला, आणि त्याच्याबरोबर दुर्मिळपणाची किंमतही गेली.

सशाच्या भावातला हा पहिला धडा. ससा दुर्मिळ राहत नाही. म्हैस दुर्मिळ राहू शकते, कारण ती वर्षा-दीड वर्षाला एक पारडू देते. सशाची मादी ३०-३१ दिवसांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं देते. ज्या जनावराची संख्या इतक्या झपाट्याने वाढते, त्याला दुर्मिळपणाचा भाव फार दिवस मिळूच शकत नाही. पण हे ठाऊक असूनही माणसं फसतात. त्याचे दोन मोठे दाखले आता पाहू.

टोकिओ, १८७३

जपानात १८६८ मध्ये जुनी राजवट जाऊन नवी आली. परदेशी वस्तूंना बंदरं मोकळी झाली आणि त्यांच्याबरोबर परदेशी पाळीव ससेही आले. १८७२ च्या सुमारास टोकिओत सशांचं वेड लागलं. पांढऱ्यावर रंगीत ठिपक्यांच्या सशाला सगळ्यांत जास्त मागणी होती. त्या नक्षीला जपानी लोक सारासा म्हणत. आपल्या भारतातून तिकडे जाणाऱ्या छापील चिटाच्या कापडाला त्यांनी दिलेलं हे नाव. म्हणजे सशाचा भाव त्याच्या अंगावरच्या चिटावर ठरत होता!

सशांचे मेळे भरू लागले, बोली लागू लागली. चांगल्या ठिपक्यांच्या सशाचे सौदे शंभर येनांच्याही वर गेले. तेव्हा टोकिओतल्या नव्या पोलीस शिपायाचा पगार महिन्याला चार येनांच्या घरात होता. म्हणजे एका सशात शिपायाची दोन वर्षांची कमाई. यात पैसा घालणाऱ्यांत नुसते हौशी श्रीमंत नव्हते. जुन्या राजवटीत सरदारांच्या पदरी असलेली, पण आता उत्पन्न बंद होत चाललेली कुटुंबंही होती. त्यांना वाटलं, दोन ससे घेऊ, पिल्लं विकू, घर सावरेल.

सरकारने आधी मेळ्यांवर बंदी घातली. ती पुरी पडली नाही. मग डिसेंबर १८७३ मध्ये टोकिओच्या कारभाऱ्यांनी कर बसवला : दर सशाला, दर महिन्याला एक येन. नोंद न करता ससा ठेवला तर सशामागे दोन येन दंड. झालं! रातोरात हिशोब उलटा फिरला. ज्याच्या घरी वीस ससे तो काल श्रीमंत होता. आज त्याला महिन्याला वीस येन भरायचे होते. सगळे एकदम विकायला निघाले आणि घेणारा कोणी नाही. कोणी ससे सोडून दिले, कोणी मारले. शंभर येनांचं स्वप्न दाखवणारा ससा रश्शाच्या हंडीत गेला. हा कर पुढे १८७९ मध्ये काढून टाकला, पण तोवर ते वेड ओसरून गेलं होतं.

कोणी म्हणेल, कराने घात केला. पण विचार करा. कर नसता तरी काय झालं असतं? ससे महिन्या-दोन महिन्यांनी विणारच होते. ठिपक्यांच्या सशाला ठिपक्यांची पिल्लं होणारच होती. आज ना उद्या विकणारे घेणाऱ्यांपेक्षा जास्त झालेच असते. कराने ती वेळ फक्त लवकर आणली. आणि ती आली तेव्हा भाव खाली कुठवर गेला? थेट मांसापर्यंत. त्याच्या खाली जात नाही, कारण भुकेल्या माणसाला मांस हवंच असतं. नजरेचा आणि आशेचा भाव कोसळला, की ससा वजनाच्या काट्यावर येऊन थांबतो.

लॉस एंजेलिस, १९००

दुसरी गोष्ट अमेरिकेची. इंग्लंडमध्ये बेल्जियन हेअर नावाची सशाची जात तयार झाली होती. हेअर म्हणजे रानससा. पण ही जात पाळीव सशाचीच, फक्त दिसायला रानसशासारखी, लांब पायांची, तांबूस, डौलदार. १८९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात, विशेषतः लॉस एंजेलिस शहराच्या भोवती, या सशाचं वेड पसरलं. इंग्लंडहून आगबोटींनी ससे येऊ लागले. परसात, गच्चीवर, तबेल्यात पिंजरे उभे राहिले. नामांकित नरांच्या वंशावळी छापल्या जाऊ लागल्या. फशोडा नावाच्या एका नराची किंमत ५,००० डॉलर सांगितली जात होती. त्या वेळी तिथल्या साध्या कामगाराची वर्षाची कमाई चार-पाचशे डॉलर असे. म्हणजे एक ससा बरोबर दहा-बारा वर्षांची मजुरी.

जाहिरातींत काय सांगत? थोडी जागा लागते, थोडा चारा लागतो, बायका-मुलंही करू शकतात, आणि मांस उत्तम. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मांस खरंच चांगलं असतं, जागा खरंच थोडी लागते. पण ज्या भावाने जोड्या विकल्या जात होत्या, त्या भावाचा ससा कोणी कापून खात नव्हतं. जो घेई तो पिल्लं विकण्यासाठी घेई. ज्याला पिल्लं विकायची, तोही पुढच्या पैदासकारालाच विकायला पाही. साखळीच्या शेवटी खाणारा माणूसच नव्हता. १९०१ पर्यंत नवीन घेणारे संपले आणि भाव बसला.

हा हिशोब आपण कागदावर करून पाहू. समजा, गावात एकाने पाच माद्या आणल्या. वर्षाला प्रत्येकीची २५ पिल्लं वाढली, तर १२५ झाली. त्यांत अर्ध्या माद्या धरल्या तर साधारण ६२. त्या सगळ्या पैदाशीसाठी विकल्या, आणि त्यांनीही प्रत्येकी २५ पिल्लं वाढवली, तर पुढच्या पिढीत माद्या होतात ७७५. त्याच्या पुढच्या पिढीत साडेनऊ हजारांच्या वर. म्हणजे दोन-तीन वर्षांत एका तालुक्याला पुरून उरतील इतक्या माद्या झाल्या, आणि त्या प्रत्येकीला चढ्या भावाने घेणारा नवा माणूस पाहिजे. असे पैदासकार आणणार कुठून? म्हणून जोडीचा चढा भाव पहिल्या काही जणांना मिळतो. मागून येणाऱ्यांच्या वाट्याला फक्त खुराकाचं बिल येतं.

पण लॉस एंजेलिसची गोष्ट तिथे संपत नाही, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे. वेड ओसरल्यावर ज्यांनी ससे ठेवले, त्यांनी शर्यतीच्या घोड्यासारखा ससा सोडून दिला आणि मांसल, लवकर वजन धरणारा ससा निवडायला सुरुवात केली. आज आपल्याकडे फार्मवर दिसणारा पांढरा, लाल डोळ्यांचा न्यूझीलंड व्हाइट हा नावाने न्यूझीलंडचा, पण घडला अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने त्याच कॅलिफोर्नियात, फोंटाना या गावी सशांचं संशोधन केंद्र काढलं. ते १९६५ पर्यंत चाललं. किती खुराकाला किती वजन, मादीने वर्षाला किती पिल्लं वाढवावीत, असे प्रश्न तिथे तपासले गेले. म्हणजे वेडातून शहाणपण निघालं ते इतकंच : वंशावळीची चोपडी मिटवली आणि वजनकाटा हातात घेतला.

आपल्याकडे

भारतात राजस्थानमधल्या अविकानगर येथे १९६२ मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. लोकरीच्या अंगोरा सशावर तिच्या हिमाचलमधल्या गडसा येथील केंद्राने, आणि मांसाच्या सशावर तमिळनाडूत कोडाईकॅनालच्या डोंगरातल्या मन्नवनूर केंद्राने काम केलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट या जाती आल्या आणि हळूहळू शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या. केरळ, तमिळनाडू आणि ईशान्येकडच्या राज्यांत सशाच्या मांसाला बऱ्यापैकी गिऱ्हाईक तयार झालं. आपल्या महाराष्ट्रात मात्र बऱ्याच घरांत ससा म्हटला की मुलांचं खेळणं डोळ्यांपुढे येतं. कोकणात, देशावर काही लोक आवडीने खातात, पण दर आठवड्याला ससा मागणारं गिऱ्हाईक सगळीकडे नाही. भाव सांगण्याआधी आपल्या गावाची ही नाडी पाहिली पाहिजे.

टोकिओ आणि लॉस एंजेलिस फार लांब वाटत असतील तर जवळचं पाहा. ईमू पक्ष्याच्या जोड्या देऊन पक्षी-अंडी परत घेण्याचं वचन देणारी तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची योजना २०१२ मध्ये कोसळली. कडकनाथ कोंबडीची तशीच योजना २०१९ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात बुडाली. त्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे गेले. ईमू चांगला की वाईट, कडकनाथ चांगली की वाईट, हा प्रश्नच नव्हता. कडकनाथ आजही चांगलीच कोंबडी आहे. प्रश्न हा होता, की ज्या भावाचं वचन दिलं त्या भावाने शेवटी खाणारा कोण? सशाच्या युनिटचं माहितीपत्रक घेऊन कोणी दारात आला, तर त्याला हाच प्रश्न विचारावा. "आम्ही परत घेऊ" हे त्याचं उत्तर नव्हे. "तुम्ही घेऊन कोणाला विकता? त्या गिऱ्हाइकाकडे मला घेऊन चला," असं म्हणावं. दागिना गहाण ठेवण्याआधी एवढं एक पाऊल टाकावं.

आता आपला हिशोब

पहिला काटा, वजनाचा. खाली धरलेले दर नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशोब वहीत मांडा.

एका मादीला वर्षभर रोज दीडशे ग्रॅम खुराक धरला तर ५५ किलो होतो. पिल्लं अंगावर पीत असताना जादा लागतो, तो २५ किलो धरा. पाच माद्यांमागे एक नर. त्याच्या खुराकाचा या मादीच्या वाट्याचा भाग १० किलो. झाले ९० किलो. तिने वर्षाला २५ पिल्लं विक्रीपर्यंत वाढवली, तर एका पिल्लावर आई-बापाचा खुराक पडतो ३.६ किलो. दूध तुटल्यापासून बारा आठवड्यांपर्यंत पिल्लू स्वतः सुमारे ५ किलो खातं. एकूण ८.६ किलो. खुराक ३० रुपये किलो धरला तर २५८ रुपये. पिंजऱ्याची झीज १६, औषधपाणी १० रुपये. पाच माद्यांच्या मागे रोज अर्धा तास काम धरलं तर पिल्लामागे सुमारे दीड तास पडतो. तासाला ५० रुपयांनी ७३ रुपये. बेरीज ३५७ रुपये. हा दोन किलोचा जिवंत ससा. म्हणजे जिवंत वजनाला किलोमागे १७८ रुपये नुसता खर्च.

आता निम्मा खुराक हिरव्यावर भागवला तर? लसूणघास, हदगा, बांधावरचं गवत, भाजीचा पाला. खुराकाचे १२९ रुपये, चारा कापून आणण्याचे २०, बाकी तेच. बेरीज २४८. किलोला १२४ रुपये. म्हणजे सशाचा नफा बाजारात नाही, आपल्या बांधावर आहे. सगळा खुराक दुकानातून आणणाऱ्याने सशाच्या मांसाचा धंदा न केलेला बरा, कारण ब्रॉयलर कोंबडी कमी खुराकात वजन धरते आणि गिऱ्हाईक भाव करताना कोंबडीशीच तुलना करतं. पाला मात्र ओला, दंव पडलेला घालू नये, पोट फुगतं. तो सुकवून घालावा. हिरव्याची सवयही हळूहळू लावावी.

दोन किलोच्या सशाचं मांस एक किलो किंवा थोडं जास्त निघतं. म्हणून जिवंत सशाच्या किलोच्या दुप्पट भाव मांसाला मिळाला, तरच तुमची बरोबरी झाली, हे विसरू नये. मांस करून विकायचं असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. तो काढूनच विकावे. लेंडीखताचं उत्पन्न जमेस धरायला हरकत नाही. भाजीपाल्याला ते फार चांगलं.

दुसरा काटा, नजरेचा. पाळायला नेणारं गिऱ्हाईक आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू मागतं. तोवर त्याने फार खाल्लेलं नसतं, म्हणून खर्च कमी आणि भाव जास्त, असं वाटतं. इथेच चूक होते. समजा, तुम्ही दहा पिल्लं पाळण्यासाठी म्हणून राखली आणि चारच गेली. उरलेली सहा रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खात बसली. महिन्याभराने ती वजनाच्या काट्यावरच जाणार. तेव्हा भाव ठरवताना दहाच्या दहा चढ्या भावाने जातील असं धरू नका. गेल्या वर्षी खरोखर किती गेली ते वहीतून पाहा. तितक्यांचाच चढा भाव धरा, बाकीच्यांचा मांसाचा भाव धरा, आणि दहांचा खर्च त्या एकूण रकमेतून निघतो का ते बघा.

पाळायला देताना पैसे कशाचे घेतो हेही माहीत असावं : नर की मादी हे नीट पाहून देणं, कान-नखं-दात तपासून देणं, हाताळून माणसाळवलेलं पिल्लू देणं, आणि चारा-पाण्याची तोंडी माहिती देणं. पाळीव प्राण्यांचं दुकान मांडायचं असेल तर २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. आणखी एक. पाळायला नेणाऱ्याला आणि खायला नेणाऱ्याला एकाच पिंजऱ्यापुढे उभं करू नये. दोघांचीही कुचंबणा होते. ससा कशासाठी विकतो ते स्पष्ट सांगावं, म्हणजे मागाहून वाद होत नाहीत.

तिसरा काटा, आशेचा. पैदाशीची जोडी विकणं यात गैर काही नाही. चांगली नोंद असलेली, जास्त पिल्लं वाढवणाऱ्या आईची मादी मांसाच्या सशापेक्षा महाग असणं रास्तच आहे. किती महाग? तिला विण्याजोगी होईपर्यंत सांभाळण्याचा जो जादा खर्च झाला तेवढा, आणि निवडीच्या मेहनतीचा थोडा वर. घेणाराही हेच मोजतो : ही मादी मांसाच्या भावाने पिल्लं विकून किती वेतांत आपली किंमत फेडेल? दोन-तीन वेतांत फिटत असेल तर सौदा ठीक. पिल्लं चढ्या भावाने गेली तरच फिटत असेल, तर तो टोकिओचा सौदा आहे.

आणि भाव पडला, ससे उरले, म्हणून ते रानात सोडून देऊ नका. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या थोड्या रानटी सशांनी पुढे त्या खंडाच्या कुरणांची धूळधाण केली. आपल्याकडे सोडलेला पाळीव ससा बहुधा कुत्र्या-कोल्ह्यांच्याच तोंडी जातो. दोन्ही वाईट. त्यापेक्षा मादीला नर दाखवणं थांबवावं. सशाचा धंदा वाढवणं जितकं सोपं, तितकंच वेळीच आवरणंही आपल्या हातात असतं.

थोडक्यात सांगायचं म्हणजे, भाव नेहमी खालून वर मोजावा. आधी मांसाच्या भावात खर्च निघतो का ते पाहावं. निघत असेल तरच मादी वाढवावी. त्याच्या वर हौशी गिऱ्हाइकाने दिलं तर ती वरकमाई समजावी, आणि पैदाशीच्या जोडीला कोणी भरमसाट दिलं तर त्या पैशावर पुढच्या वर्षाचा संसार मांडू नये.

या हंगामात ससे असणाऱ्यांनी एक वही घालावी. मादी, वेताची तारीख, जगलेली पिल्लं, खुराकाचे किलो आणि विक्रीचा भाव, एवढे पाच रकाने पुरेत. सहा महिन्यांनी ती घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा आपल्या विस्तार अधिकाऱ्याकडे जावं. भाव काय सांगावा, हे मग दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.